दादांच्या भुवईवरची खूण

त्या दुकानात दोन जावा. थोरली गल्ल्यावर, धाकटी इस्त्रीच्या टेबलावर आणि दोघींच्या मधे टांगलेले लोकांचे कपडे. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात माणसाची सगळी बिंगं खिशात सापडतात, त्यामुळे कुणाचं कुठे काय चाललंय हे घरच्यांच्या आधी या दोघींना कळे. थोरली ऐकलेलं, बघितलेलं सगळं पोटात ठेवी. धाकटीच्या पोटात काही म्हणजे काही राहत नसे. म्हणून तर नवल. जन्मात एकदाच तिने एक गोष्ट पोटात ठेवली आणि नेमकी तीच अंगाशी आली.

थोरलीला गिऱ्हाइकं 'कॉम्प्युटर' म्हणत. पावती मागणं हा तिला स्वतःचा अपमान वाटे. दारात नुसती सावली पडली की ती म्हणणार, "तुमचा राखाडी कोट झालाय. बाहीचं बटण सैल होतं, लावून ठेवलंय. बायकोची शाल उद्या. आणि खिशात सिनेमाची दोन तिकिटं होती, ती काढून ठेवली आहेत, बायको आली तर दिली नसती हो, काळजी नको." माणूस लाल होऊन कोट घेई आणि पळे.

धाकटीचं नाव 'धांदल'. ते थोरलीनेच ठेवलेलं, धाकटी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात. बिचारीने सासऱ्यांच्या पँटची घडी पुढे पाडायची ती दोन्ही बाजूंना पाडली होती. सासरे तशीच घालून बाहेर गेले, आणि धाकटीचं नाव तेव्हापासून जे पडलं ते पडलंच.

धाकटीचा नवरा, म्हणजे धाकटा, वाफेचं यंत्र सांभाळी आणि घरोघर कपडे पोचवी. त्याने एकदा हौसेने दुकानाच्या हिशेबासाठी एक टॅब्लेट आणला, चित्रं काढता येतील असा पेनवाला, कारण विकणाऱ्याने तो गळ्यात मारला. थोरलीने त्याला बोटसुद्धा लावलं नाही. "माझं डोकं काय भाड्याने दिलंय?" म्हणाली. टॅब्लेट फडताळात पडून राहिला, आणि तिथून तो धाकटीच्या हाती लागला.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी दुपारी एक वर्ग भरे. मांगा काढायला शिकवत. मांगा म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा: मोठे डोळे, टोकदार केस, नाक म्हणजे जेमतेम एक रेघ. शिकवणारी निळ्या केसांची एक मुलगी, आणि शिकणारी सगळी तिच्याहूनही लहान. त्यात आमची धांदल जाऊन बसली. पहिल्या दिवशी पोरांना वाटलं कुणाची तरी आई न्यायला आली आहे. दोन तास झाले तरी ही कुणाला नेईना, तेव्हा उलगडा झाला.

तिला ते जमलं कसं, हे विचारण्यासारखं आहे. मास्तरीणबाई लेयर समजावत होती: कच्चं चित्र एका थरावर, पक्की रेघ दुसऱ्यावर, रंग तिसऱ्यावर, सगळे पारदर्शक. पोरं माना डोलवत होती, कळलं कुणालाच नव्हतं. धाकटी म्हणाली, "म्हणजे आमच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशव्या. एकीतून दुसरीतला कोट दिसतो, पण डाग लागला तर एकीलाच लागतो." मास्तरीणबाई थक्क झाली आणि पुढच्या वर्गापासून तेच उदाहरण द्यायला लागली. कपड्याच्या चुण्या काढायची वेळ आली तेव्हा मात्र धाकटीचं अडलं. चुणी दिसली की तिचा हात ती मोडायलाच धावे. तिच्या पहिल्या नायकाचा सदरा इतका कडक होता की तो तलवार उपसताना खांद्यातून वाकेचना. पोरं हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. ती पण हसली, आणि पुन्हा काढला. चुकलं की दोन बोटं काचेवर टेकवायची, रेघ गेली. धाकटीला हे फारच आवडलं. आयुष्यात इतक्या चुका इतक्या गुपचूप पुसल्या जाऊ शकतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मास्तरीणबाईने एक सवय मात्र सगळ्यांना सक्तीने लावली. चित्र अधूनमधून आरशात धरल्यासारखं उलटं करून बघायचं, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. बराच वेळ एकच चेहरा बघून डोळा त्याला सरावतो, वाकडंही सरळ वाटू लागतं. उलटं केलं की चूक उडी मारून समोर येते. एक डोळा वर गेलेला, हनुवटी घसरलेली. मग उलट्यातच ते दुरुस्त करायचं आणि पुन्हा सुलट करायचं.

धाकटी पहिला भाग कधी विसरली नाही.

थोरलीचे यजमान, म्हणजे धाकटीचे मोठे दीर, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते त्याआधीच्या वर्षी गेले होते. झोपेतच गेले. मोठा मौजेचा माणूस. नवा कोट आला की आधी स्वतःच्या अंगावर चढवायचा आणि फोन लांब धरून स्वतःचा फोटो काढायचा, हा त्यांचा नाद. गिऱ्हाइकांना पत्ता नव्हता की आपले लग्नातले कोट आपल्याआधी कुणी मिरवून घेतलेत. थोरली कातावे, "उसवला म्हणजे?" दादा म्हणत, "उसवला तर तू आहेस की." फोनभर दादाच दादा, पण सगळे दुसऱ्याच्या कोटात.

दुकानाला नवा रंग दिला तेव्हा गल्ल्यामागची भिंत मोकळी मोकळी दिसायला लागली. थोरली म्हणाली, "धांदल, तू ती भल्यामोठ्या डोळ्यांची माणसं काढतेस ना, त्यात आपले दादा बसतील का गं? स्वतःच्या सदऱ्यात काढ. परक्या कोटात नको."

धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. थोरलीने तिच्याकडे काही मागायची ही पहिलीच वेळ. धाकट्याने पूर्वी कधी काढलेला दादांचा एक सरळ, समोरून घेतलेला फोटो तिच्याकडे होता. तो बघून तिने दादांना काढलं. तरुण काढलं. हातात हँगर, बाह्या दुमडलेल्या, ओठाच्या कोपऱ्यात ते हसू, जे बघून थोरली कातावायची. भांग पाडला. भुवईवर ती छोटी खूणही काढली, हँगरचा आकडा लागून झालेली. कितीदा उलटं केलं, कितीदा सुलट केलं, तिलाच ठाऊक. शेवटी उलट्यात तिला दादांचा एक कान किंचित खाली वाटला, तिने तो वर घेतला, समाधानाने मान हलवली आणि चित्र छपाईच्या दुकानात धाडून दिलं.

चौकट भिंतीवर लागली. थोरली बराच वेळ बघत उभी राहिली. मग वळून म्हणाली, "हातात गुण आहे हं तुझ्या."

लग्न होऊन आल्यापासून धाकटीने या बाईच्या तोंडून 'जरा बघून', 'पुन्हा कर' आणि 'अरे देवा' एवढंच ऐकलं होतं. ती इस्त्रीच्या टेबलाकडे गेली आणि उगाचच एका टॉवेलला इस्त्री करत बसली.

नंतर काही दिवसांनी ती एका पुरुषाचा सदरा इस्त्री करत होती. खिशावरून इस्त्री फिरवून तिने सदरा उचलून समोर धरला आणि सदऱ्याच्या वरून तिची नजर चित्रावर गेली. हातातल्या सदऱ्याचा खिसा एकीकडे, दादांच्या सदऱ्याचा दुसरीकडे. पुरुषाच्या सदऱ्याला खिसा डाव्या छातीवर असतो. हजारो खिसे या हातांखालून गेले. दादांचा खिसा उजवीकडे होता.

खिसा उजवीकडे, म्हणजे भांगही उलटा. म्हणजे ती खूणही. कान दुरुस्त केला आणि तिने चित्र सुलट केलंच नव्हतं. दादा आरशातले लटकत होते.

आता इथे ती थोरलीकडे जाऊन सांगती तर गोष्ट तिथेच संपती. थोरली म्हणती, "अरे देवा!" आणि दुसरी प्रिंट निघती. पण ते 'हातात गुण आहे' अजून तिच्या कानात ताजं होतं. तिने मनाशी म्हटलं, कुणाच्या लक्षात आलंय? मोठ्या डोळ्यांच्या चित्रात खिसा कोण बघतो?

खिसा कुणी बघितला नाही, हे खरं. पण एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा थोरली स्टुलावर बसून चित्राकडे बघत म्हणाली, "काय गं, दादांची ती खूण कुठल्या भुवईवर होती?"

धाकटीच्या हातातली इस्त्री थबकली. "का हो, ताई?"

"अगं, मी इथे बसायचे, ते तिथे उभे. माझ्या बाजूची भुवई डावी. मला तर ती खूण रोज दिसायची असं वाटतंय. चित्रात उजवीवर आहे."

"फोटो बघूनच काढलंय ना मी," धाकटी म्हणाली.

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. तेच तर वाईट.

"हो, तेही आहे म्हणा," थोरली म्हणाली. तिने दादांचा फोन काढला आणि एकेक फोटो बघायला लागली. तिथे वेगळीच गंमत. दादांनी स्वतःचे काढलेले फोटो आरशासारखे उलटे पडलेले, दुसऱ्यांनी काढलेले सुलटे. काहींत खूण इकडे, काहींत तिकडे. भांगसुद्धा दोन्हीकडे. थोरलीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग फोन बंद करून गल्ल्यात ठेवला.

धाकटीच्या इस्त्रीखालच्या सदऱ्याची कॉलर त्या दिवशी जळली.

पुढच्या आठवड्यात दुकानात असं काही घडलं की बाजारात त्याची चर्चा झाली. दाराशी औषधवाला आला. थोरलीने त्याच्याकडे बघितलं, कपड्यांच्या रांगेकडे बघितलं, आणि विचारलं, "पावती आणली आहे का?"

औषधवाला हसला. "काय हो कॉम्प्युटर, हँग झालात की काय?"

"आणली असेल तर बरं होईल," थोरली म्हणाली.

पावती कुणाकडे असणार? लोकांनी त्या घरी नेऊन फेकायची सवय केलेली. औषधवाला खिसे चाचपत राहिला, आणि थोरली पिशव्यांवरचे क्रमांक बोट लावून लावून वाचत राहिली. कपडे बरोबर निघाले. तरीही तिने विचारलं, "हेच ना?" टेबलाआडून धाकटी ऐकत होती. ही बाई कुणाला 'हेच ना' म्हणेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवऱ्याने कपाळावर हात मारला. "त्यात काय एवढं? फिरव ना चित्र! बटण दाबलं की फिरतं म्हणतेस. नवं छापून चौकटीत घाल. वहिनीला कळायचं पण नाही. डावी भुवई हवी ना तिला? घे डावी."

असल्या सल्ल्याला बायका एरवी नाकं मुरडतात. धाकटीला तो स्वर्गातून आल्यासारखा वाटला. चूक पुसायची दोन बोटं तिला फारच अंगवळणी पडली होती. तिने चित्र सुलट केलं, खिसा डावीकडे आला, भांग जागेवर आला, खूण जागेवर आली. सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन तिने चौकट उतरवली, नवं चित्र आत घातलं, जुनं गुंडाळून मोठ्या इस्त्रीटेबलाच्या खाली सारलं. जीव असा हलका झाला की ती चक्क गुणगुणली.

थोरली आली. पर्स ठेवली. चित्राकडे बघितलं. मग स्टूल ओढलं आणि अगदी सावकाश बसली, आजारी माणूस बसतो तशी.

दिवसभर ती पावत्या मागत राहिली. दोनदा तिने वळून चित्राकडे बघितलं आणि दोनदा पटकन मान फिरवली. धाकटी वाट बघत होती की ती आता म्हणेल, हो गं, डावीच. ती म्हणाली नाही. संध्याकाळी शटर अर्धं ओढून झाल्यावर तिने गल्ल्याची किल्ली काढली आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवली.

"उद्यापासून तू बस तिथे."

"का हो, ताई?"

"माझं काही खरं नाही आता." थोरलीचा आवाज हिशेब सांगावा तसा होता. "खूण काल मला एका भुवईवर दिसली, आज दुसरीवर. भिंतीवरचं चित्र काय रात्रीतून बदलतं? आईचं माझ्या असंच सुरू झालं होतं. आधी डावं-उजवं. मग माणसं. शेवटी मला म्हणायची, तुम्ही कोण. मी कुणाचे कपडे कुणाला देऊन बसले तर दादांचं नाव जाईल. तू धांदल असशील, पण निदान डोकं तरी शाबूत आहे तुझं."

त्या क्षणीसुद्धा, लाज वाटते सांगायला, धाकटीच्या मनात एक बारीक पळवाट आलीच: डॉक्टरकडे नेऊ, डॉक्टर सांगेल ठीक आहे, मिटेल प्रकरण. तेवढ्यात थोरली म्हणाली, "मी रोज सकाळी उठून स्वतःची परीक्षा घेते गं. दादांचा आवाज आठवतो का बघते. आठवतो. पण तोही खरा आठवतो का, कुणाला विचारू?"

धाकटी टेबलाखाली वाकली. गुंडाळी बाहेर काढली, उलगडली, आणि कोपऱ्यांवर हँगर ठेवून टेबलावर पसरली. आरशातले दादा वर बघून हसत होते.

"हे काय?" थोरली म्हणाली.

"पहिलं. मी उलटंच छापलं होतं, ताई. बघायला उलटं करतात, मी परत सुलट करायला विसरले. आज सकाळी येऊन बदललं. तुम्हाला कळू नये म्हणून." एवढं बोलून तिचा श्वास संपला. "खूण डावीवरच होती. तुमचं बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून."

थोरलीने भिंतीवरचं बघितलं, टेबलावरचं बघितलं. दोन्हीकडे बोट लावून बघितलं. मग विचारलं, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"हो."

"पूर्ण?"

"माझ्यापेक्षा तरी."

थोरली हसली नाही. स्टुलावर बसली आणि तिला रडू आलं. धाकटी पाणी घ्यायला वळली तर म्हणाली, "राहू दे. थांब तिथेच." डोळे पुसले. "मी तुला विचारलं होतं. समोरासमोर. आठवतं?"

"हो."

"तू काय म्हणालीस?"

धाकटीने चित्राच्या कोपऱ्यावरचा हँगर उगाच सरळ केला.

"चूक केलीस, त्याचं मला काही नाही. तुझ्या चुका मोजायच्या तर मला दुसरं दुकान काढावं लागेल. पण धांदल खोटं बोलत नाही, हे मी सगळ्यांना सांगत आले. दादांनासुद्धा. ते म्हणायचे, तिच्या हातात इस्त्री देऊ नको. मी म्हणायचे, हातात काय वाटेल ते होईल, तोंडात खोट नाही तिच्या." तिने किल्ली उचलली. "त्या भरवशावर मी माझ्या डोळ्यांना खोटं ठरवलं."

घरी जाताना ती एकटीच पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी ती गल्ल्यावर होती. औषधवाला या वेळी चादरीची पावती शोधून घेऊन आला होता. थोरलीने ती बघितली पण नाही. "ठेवा ती आठवण म्हणून. तुमची चादर तिसऱ्या रांगेत. कोपऱ्यात औषधाचा डाग होता, गेला नाही, आणि कसलं औषध ते मी विचारत नाही." बाजार सुखावला. कॉम्प्युटर सुरू झाला.

धाकटीचं मात्र काही सुरू झालं नाही. थोरली तिच्याशी बोले, सगळं बोले, पण प्रत्येक बोलण्याला एक शेपूट आलं. "निळी साडी झाली?" "झाली, ताई." "दाखव." पूर्वी ती ओरडायची, पण दाखव कधी म्हणायची नाही. धाकटी हँगर उचलून गल्ल्यापर्यंत जाई, साडी उजेडात धरे, परत येई. "बटण लावलं?" "लावलं." "दाखव." गिऱ्हाइकांसमोर पण. तक्रार करायला तिला जागाच नव्हती. नवरा म्हणाला, "मी समजावू का वहिनीला?" ती म्हणाली, "तू आणखी एक सल्ला दिलास तर याद राख."

रविवारचा वर्ग तिने सोडला. मास्तरीणबाई दुकानात विचारायला आली. निळे केस बघून थोरलीने भुवई उंचावली, सगळं ऐकून घेतलं, आणि ती गेल्यावर म्हणाली, "का सोडलंस?"

"नको वाटतं, ताई. पेन धरलं की तुमचं ते 'कुणाला विचारू' ऐकू येतं."

"येऊ दे ऐकू," थोरली म्हणाली. "मला बरेच दिवस ऐकू येत होतं. तुला जरा येऊ दे." मग गल्ल्याचा खण बंद केला, स्टूल फिरवून इस्त्रीच्या टेबलाकडे तोंड केलं. "आण तो टॅब्लेट. माझं काढ. इथेच, माझ्यासमोर. आणि उलटं करशील तेव्हा मोठ्याने सांगायचं."

धाकटीने टॅब्लेट आणला. कपाळ काढलं, चष्मा काढला, कानामागे खोचलेली पेन्सिल काढली. "उलटं केलं, ताई." "हं." "सुलट केलं." "हं. दाखव." तिने टॅब्लेट वळवून दाखवला. थोरलीने निरखून बघितलं आणि मानेने परत पाठवला. एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, त्याला थोरलीने बसल्या जागेवरूनच थांबवून ठेवलं.

केस झाले, हनुवटी झाली, पदराच्या चुण्यासुद्धा झाल्या. धाकटीचं पेन काचेच्या वर हवेतच अडून राहिलं.

"काय झालं?"

"डोळे राहिलेत."

"मग काढ की. तेच तर मोठे काढता ना तुम्ही लोक?"

"तुम्ही बघताय ना माझ्याकडे," धाकटी म्हणाली.

"बघणारच," थोरली म्हणाली. "तू काढ."